कोतवालाचा थाळा आणि कासारणीचं काकण

एका गावात एक कोतवाल राहायचा. गाव म्हणजे चार झोपड्यांचं नव्हे बरं. त्याला तट होता, वेस होती, मोठा बाजार भरायचा आणि भांडायला माणसंही भरपूर होती. कोतवालाच्या मिशा अशा, की दोन्ही टोकांवर एकेक चिमणी येऊन बसली असती तरी वाकल्या नसत्या. गल्लीतून निघाला की कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची, आणि मग तो गेला की पुन्हा तिथंच झोपायची.

चावडीपुढं लिंबाचं झाड होतं. त्याला काशाचा एक थाळा टांगलेला आणि शेजारी लाकडाची मोगरी. गावची रीत अशी, की कुठं काही विपरीत घडलं तर धावत यायचं आणि थाळ्यावर टोला हाणायचा. टोला ऐकला की कोतवालाचे शिपाई, जेवत असले तर ताट सारून, झोपले असले तर तसेच उघडेबंब, काठ्या उचलून पळत सुटायचे. टोला हाणणाऱ्यानं फक्त बोट दाखवायचं. काय झालं, कोण आहे, कशापायी झालं, असलं कुणी विचारायचं नाही. कोतवालानं आपल्या शिपाई पोरांना एकच धडा दिला होता : "आधी काठी, मग चौकशी."

आता हा धडा काही त्याच्या आईनं त्याला बाळकडूत पाजला नव्हता. तरुणपणी एकदा वेशीवर दरोडेखोर आले, तेव्हा त्यानं काठी खाली धरून विचारलं होतं, "कोण रे तुम्ही?" उत्तर म्हणून खांद्यावर तलवार बसली, आणि त्याच्या बरोबरीचा जिवलग शिपाई वेशीतच जिवानिशी गेला. खांदा भरून आला. पण विचारणं त्यानं त्या दिवसापासून सोडलं ते सोडलंच.

चोरांपुरतं हे बरं चाललं. चोर त्या गावाला वळसा घालून जायचे. पण माणसाची जात अशी, की हाताशी मोगरी असली की टोला हाणावासा वाटतोच. सासूसुनेचं वाजलं, हाण टोला. शेजाऱ्याच्या शेळीनं वाळत घातलेलं लुगडं चघळलं, हाण टोला. कुणी ताडी पिऊन गाणं म्हणतोय आणि सूर लागत नाही, हाण टोला. शिपाई यायचे आणि सासू, सून, शेळी, गवई, सगळ्यांना सारखाच प्रसाद मिळायचा.

त्या गावात एक बुरूड होता. टोपल्या विणायचा, वेशीबाहेर बसून विकायचा. त्याची बायको वारली आणि त्याचं बोलणं आटलं. एके दिवशी तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला, पाय आत सोडून. ना रडतो, ना बोलतो. शेजारीण कळवळली. तिला वाटलं, हा उडी घेईल. तिनं धावत जाऊन टोला हाणला आणि विहिरीकडे बोट दाखवलं.

शिपाई आले. "उतर," म्हणाले. बुरडानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मग पडली काठी. बुरूड विहिरीत गेला नाही, देवाची कृपा. पण उजवा हात असा मोडला, की वैद्यानं बांधूनही तो वर उठेना. टोपली विणायला दोन हात लागतात. शेजारीण तेव्हापासून त्याला भाकरी आणून द्यायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

मग गाव पेटलं. चावडीवर सभा भरली.

सोनार सगळ्यांत पुढं. त्याचा आवाज त्याच्या हातोडीपेक्षा मोठा. "हे शिपाई आधी घरी पाठवा," तो म्हणाला. "काठ्या चुलीत घाला. गोड बोलणारी चार माणसं नेमा. भांडण झालं तर समजूत घालतील, कुणी दुःखात असलं तर जवळ बसतील. आपण काय गुरं आहोत?"

"आणि दरोडेखोर आले तर?" गुळाचा व्यापारी म्हणाला. "त्यांच्याजवळ बसणार का? की त्यांना गूळपाणी देणार? माझ्याकडचा नका देऊ."

"तुला गुळाची पडलीय. इथं माणसाचा हात गेला."

"उद्या गळा जाईल, मग सोनाराच्या दारात बसून रडू आपण."

एका कोपऱ्यात कासारीण बसली होती. गावातल्या बायकांना बांगड्या भरणारी म्हातारी. तोंडात दात कमी, जिभेला हाड मुळीच नाही. ती म्हणाली, "अगं बाई, काय हे शहाणे. पायात काटा रुतला तर सुई लागते, साप निघाला तर काठी लागते. आतापर्यंत हे काठीनं काटे काढत होते. आता सोनारदादा सुईनं साप मारायला निघालेत."

सगळे हसले. हसले म्हणजे ऐकलं असं नाही. पुन्हा भांडायला लागले.

कोतवाल उठला. मिशीवरनं हात फिरवून म्हणाला, "माझ्या पोरांनी बुरडाला उतर म्हटलं होतं. तो उतरला नाही. काठी कुणावर उगाच पडत नाही."

बुरूड समोरच बसला होता. त्यानं मोडका हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. कासारीण म्हणाली, "कोतवालदादा, तुमची काठी लई गुणाची. पण ती कधी मागं फिरलेली काही दिसली नाही."

पंचांनी शेवटी ठरवलं, की येत्या बाजारच्या दिवशी कौल घ्यायचा. शिपाई राहतील की जातील, ते त्या दिवशी कळेल.

आता कोतवालाच्या घरची गोष्ट ऐका, कारण ती गावाला ठाऊक नव्हती.

कोतवालाची आई होती, म्हाळसाबाई. नवरा जाऊन फार वर्षं झालेली. एकुलत्या लेकाला तिनं दुसऱ्यांच्या म्हशींचं गवत कापून वाढवलं होतं. आता म्हातारपणी तिची आठवण फाटक्या झोळीसारखी झाली होती. जुनं तेवढं तळाशी राहिलेलं, नवं घातलं की गळून जायचं. कधी ती लेकाला भाऊ समजायची, कधी सासरा समजून डोक्यावर पदर घ्यायची. आणि मनात आलं की खुंटीवरचा विळा काढून गवताला निघायची.

कोतवालानं हे कुणाला सांगितलं नाही. बाहेर पडताना तो दाराला बाहेरून कडी घालायचा. लोकांना वाटायचं, घरात ठेवणीतलं काहीतरी असेल. लाज होतीच त्याला. पण लाजेपेक्षाही मोठं एक भय होतं, आणि ते तो स्वतःशीसुद्धा बोलायचा नाही. ही अशी विळा घेऊन बाहेर पडली, कुणी थाळा वाजवला, तर कोण धावत येणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यामुळं थाळा वाजला, की बोट आपल्या घराकडे तर नाही ना, हे कोतवाल बाकीच्यांच्या आधी बघायचा. मग बोट दुसरीकडे दाखवलेलं दिसलं, की तो मिशी पिळायचा.

बाजारचा दिवस उगवला. कोतवालाची नोकरी त्या दिवशी राहायची किंवा जायची. त्यानं नवी पगडी घातली, आरशात पाहिलं, पुन्हा बांधली, पुन्हा पाहिलं. आईला भाकरी दिली. ती म्हणाली, "दाजी, तुम्ही कुठं लग्नाला निघालात का?" तो म्हणाला, "होय," आणि घाईनं बाहेर पडला.

पगडी नीट बसली होती. कडी घालायची राहिली.

चावडीवर गाव लोटलं होतं. सोनाराचं भाषण चाललेलं. "काठी म्हणजे रानटीपणा आहे. ज्याच्या हातात काठी, त्याचे कान बंद. मी तर म्हणतो, हा थाळासुद्धा वितळवून टाका. मी स्वतः वितळवीन, फुकट." आणि एवढ्यात त्याची बायको ओरडत आली, पदर गळ्यात, पायात वहाण एकच. "परसात कोण शिरलंय बघा. घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेला माणूस, हातात विळा. माझा सगळा गवती चहा कापून काढलाय."

सोनार भाषण तिथंच टाकून पळाला. कुठं? तर थेट लिंबाखाली. मोगरी उचलली आणि असा टोला हाणला, की झाडावरचे कावळे उडाले. मग आपल्या घराकडे बोट दाखवलं. गुळाचा व्यापारी तेवढ्यातही म्हणाला, "वितळवा की आता."

कोतवाल ताडकन उठला. "कोण आहे?" त्यानं विचारलं. कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून हा प्रश्न निघाला.

"कोण ते काय विचारता?" सोनार म्हणाला. "विळा आहे हातात. पळा."

शिपाई तर केव्हाच सुटले होते. त्यांना कुठं विचारायला शिकवलं होतं? कोतवाल त्यांच्या मागं धावला. नवी पगडी वाटेत पडली, ती उचलायलाही थांबला नाही.

सोनाराच्या परसात ऊन रखरखत होतं. पण त्या खोळीतल्या माणसाला उन्हाचं काही नव्हतं, त्याच्या डोक्यात आषाढ चालला होता. घोंगडीची खोळ डोक्यावर, पाठ वाकलेली, विळा सरसर चाललेला, मागं गवती चहाच्या पेंढ्या नीट बांधून ठेवलेल्या. घोंगडीला एका कोपऱ्यात तांबडं ठिगळ होतं. ते ठिगळ कोतवालानं स्वतः लावलं होतं, वाकड्या टाक्यांनी.

"थांबा," तो ओरडला.

पण थांबा हा शब्द त्यानं पोरांना कधी शिकवलाच नव्हता. पळा माहीत, धरा माहीत, हाणा माहीत. थोरल्या शिपायाची काठी वर गेली होती, आणि वर गेलेली काठी खाली येणार हेच त्याला माहीत. कोतवालाच्या उजव्या हातात त्याची स्वतःची काठी होती. त्यानं डावा हात मधे घातला.

ऊस मोडावा तसा आवाज झाला.

थोरला शिपाई पांढराफटक पडला. "धनी, तुम्ही मधे कसे..."

"बरोबर मारलीस," कोतवाल दात आवळून म्हणाला. "मीच शिकवलंय तसं." आणि मनगट धरून खाली बसला.

म्हातारी वळली. खोळ मागं सरकली, पांढरे केस बाहेर आले, आणि गावाला कळलं ही कोण आहे ते. पण म्हाळसाबाईला कुणीच ओळखू येईना. तिला एवढंच दिसलं, की पाच-सात दांडगे काठ्या घेऊन उभे आहेत आणि मधे एक माणूस कण्हतोय. ती विळा उगारून त्या माणसापुढं उभी राहिली.

"खबरदार," ती म्हणाली. "कोण हा बिचारा? काय केलंय त्यानं तुमचं? त्याला आई नाही का?"

कोतवाल मान खाली घालून बसला. मनगटाचं दुखणं तो विसरला होता.

आता विळा काढून कसा घ्यायचा? शिपाई पुढं सरकले, की ती विळा फिरवायची. मागं सरकले, की तो तिच्याच पायाकडे खाली यायचा. सोनाराला आपलं भाषण आठवलं असावं. तो पुढं झाला आणि घसा खाकरून म्हणाला, "आजी, शांत व्हा. आपण विचार करू." म्हातारीनं त्याच्या धोतराच्या सोग्याचा एक तुकडा कापला. तो परत गर्दीत गेला.

तेवढ्यात कासारीण आली. बाजारचा दिवस, डोक्यावर बांगड्यांची पाटी तशीच. तिनं कुणाला काही विचारलं नाही. परसात बैठक मारली, पाटीवरचं फडकं काढलं आणि वैतागल्यासारखं म्हणाली, "म्हाळसे, मी कवाची ओरडतेय तुझ्या दारात. सणाचा दिवस, आणि तू नंग्या हातांनी गवत कापत बसलीस होय गं? तुझी सासू माझा जीव खाईल."

म्हाळसाबाई थबकली. "आज सण आहे?"

"नाही तर मी काय हवा खायला आले? हिरवी भरू की लाल?"

गर्दीत कुजबूज सुरू झाली. विधवेच्या हाताला काकण? त्या काळी कुणी असं मनातसुद्धा आणत नसे. एकजण म्हणाला, "अहो, हे भलतंच." कासारणीनं मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं उरलेलं वाक्य गिळलं.

"हिरवी," म्हाळसाबाई म्हणाली. आवाज एकदम कोवळा झाला होता.

"मग दे हात."

म्हाळसाबाईनं मूठ पुढं केली, विळ्यासकट.

"शाबास," कासारीण म्हणाली. "विळ्याला भरू का काकण? लग्नाचा चुडा मीच भरला होता ना तुला? तेव्हा काय सांगितलं होतं? मूठ आवळली की काकण फुटतं. हात सैल सोड, अगदी पाण्यात सोडल्यासारखा."

ज्या बाईनं एकदा तरी काकण भरून घेतलंय तिला हे ठाऊक असतं. कासारणीच्या हातात हात दिला, की बोटं आपोआप मऊ करावी लागतात. म्हाळसाबाई खाली बसली. विळा तिनं बाजूला ठेवला, पातं आपल्याकडं करून, कुणाला लागू नये म्हणून. मग हात पुढं केला आणि डोळे मिटले. कासारणीनं तो सुरकुतलेला हात दाबत, चोळत, एकेक हिरवं काकण वर चढवलं. दुसऱ्या हाताला भरून होईपर्यंत विळा थोरल्या शिपायानं अलगद उचललासुद्धा होता. कुणी हाणा म्हटल्याशिवाय त्यानं केलेलं हे आयुष्यातलं पहिलंच काम.

भरून झाल्यावर म्हाळसाबाईनं रीतीप्रमाणं कासारणीला वाकून नमस्कार केला. मग हात हलवून बांगड्या वाजवून बघितल्या, आणि कण्हणाऱ्या माणसाला म्हणाली, "बघा, आहेत की नाही छान?"

"छान आहेत, आई," कोतवाल म्हणाला.

सभा पुन्हा चावडीवर बसली, पण कौल घ्यायचं कुणाला सुचेना. कोतवाल हात गळ्यात बांधून उभा राहिला. मिशा खाली आल्या होत्या.

"मला वाटायचं, विचारलं की माणूस मरतो," तो म्हणाला. "आज न विचारता माझी आई मेली असती. बुरडाची बायको गेली तेव्हा त्याच्याजवळ बसायला कुणी जायला हवं होतं. मी काठ्या पाठवल्या. मला काढायचं तर काढा."

सोनार धोतराचा कापलेला सोगा लपवत म्हणाला, "काढायचं कसं? आज पहिला टोला मीच हाणला."

"दरोडा पडला तर?" गुळाचा व्यापारी म्हणाला. त्याचं आपलं तेच.

"तर थाळा आहे, मी आहे, आणि हा एक हात अजून धड आहे," कोतवाल म्हणाला. "पण शेळीला आणि सासूला मी नको."

मग गावानं आपली रीत बदलली. थाळा तिथंच राहिला, पण टोला हाणणाऱ्यानं नुसतं बोट दाखवायचं नाही. कोण आहे आणि काय झालंय, हे आधी मोठ्यानं सांगायचं. चोर, दरोडा, मारामारी असेल तर शिपाई निघतील. बाकीच्या दुःखांसाठी, म्हाळसाबाई ज्यांना गवत घालायची त्यांतल्या एका जुन्या म्हशीच्या गळ्यातली घंटा कासारणीच्या ओट्यावर टांगली. ती वाजली की कासारीण जायची, वैद्य जायचा, आणि कुणी न बोलता बसून राहिलेलं असलं तर बुरूड जायचा. तोही काही बोलायचा नाही. शेजारी बसायचा. आश्चर्य म्हणजे बहुतेक वेळा तेवढंच पुरायचं. शेजारीणही आता त्याच्याकडे बघून भाकरी द्यायला लागली.

सगळं एका दिवसात सुधारलं असं समजू नका. कुठलं दुःख थाळ्याचं आणि कुठलं घंटेचं, यावरूनच पहिले काही दिवस जुंपायची. आणि रोज सकाळी कोतवाल शिपायांना मैदानात पळवायचा आणि मधेच ओरडायचा, "थांबा." पुढचा थांबायचा, मागचे त्याच्यावर आदळायचे, सगळे ढिगानं पडायचे. गावातली पोरं बघायला जमायची आणि मुद्दाम थांबा, थांबा ओरडायची. पण हळूहळू जमलं. पळणाऱ्या पायाला थांबायला शिकवणं फार अवघड, पण शिकतो तो.

कोतवालाच्या दाराला पुन्हा कडी लागली नाही. म्हाळसाबाई गवताला निघाली, की गल्लीतलं कुणीतरी बरोबर चालायचं. सोनाराची बायको तर तिच्यासाठी गवती चहा मुद्दाम वाढू द्यायची.

एकदा दुपारी कोतवाल वेशीबाहेर बुरडाकडे गेला. बुरडाचा उजवा हात लुळा, ह्याचा डावा बांधलेला. बुरडानं बांबूचं एक कांबीट त्याच्यापुढं सरकवलं. दोघं खेटून बसले, एकाचा उजवा हात आणि एकाचा डावा, आणि संध्याकाळपर्यंत एक टोपली विणली. टोपली अशी वाकडी झाली, की कासारीण बघून पोट धरून हसली. "ही टोपली आहे की सोनाराचं भाषण?" म्हणाली.

पण म्हाळसाबाईला ती फार आवडली. त्या दिवसापासून ती त्याच टोपलीतनं गवत आणायची, आणि चालताना हातातली हिरवी काकणं वाजायची.

तात्पर्य काय, तर सापासाठी काठी घरात असू द्यावी, पण काट्यासाठी सुईही असावी. आणि काठी ज्याच्या हाती द्यायची, त्याला मारायला शिकवण्याआधी थांबायला शिकवावं, कारण ती कुणाच्या आईवर पडेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.